मीटिंगच्या आधीची दहा मिनिटं

"ऑफिसात तुम्ही नेमकं काय करायचात?" असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. माझ्या नवऱ्याने यावर स्वतःपुरता तोडगा काढला आहे. तो सरळ सांगून टाकतो, "ही कंपनीत ऑपरेटर होती." ऑपरेटर म्हटलं की लोकांना टेलिफोनचा बोर्ड आठवतो आणि पुढचे प्रश्न टळतात. ते तसं खोटंही नाही. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत मी पंचवीस वर्षं बोर्डावर होते. पण शेवटच्या चार वर्षांत बोर्डही नव्हता आणि फोनही फारसे नव्हते. बाहेरच्या पाहुण्यांना कंपनीच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये नीट पोचवणं, एवढंच माझं काम होतं. या कामाचा पगार मिळतो हे माझ्या सासूबाईंना कधी पटलंच नाही. "बटण दाबायचं आणि घरी यायचं?" असं त्या विचारायच्या. मी म्हणायचे, "हो, पण कुठलं बटण ते कळावं लागतं." हे मी बऱ्यापैकी तोऱ्यात म्हणायचे.

कोविडमध्ये ऑफिस बंद झालं आणि मीटिंगा घरोघरच्या मोबाइलवर सुरू झाल्या. कंपनीतले लोक आठवडाभरात शिकले. अडचण होती ती बाहेरच्यांची. सुटे भाग बनवून देणारे, वकील, सल्लागार, लांबलांबचे डीलर, मुलाखतीला येणारी मंडळी. कुणी लिंक उघडून तिथेच बसून राहायचं, कुणाचा आवाज यायचा पण चेहरा नाही, कुणाचा चेहरा यायचा तो आडवा. साहेब लोक वैतागले होते. पुढे ऑफिस उघडलं तेव्हा माझा बोर्ड भिंतीवरून काढून टाकलेला होता. म्हटलं, आता आपली वाट लागली. पण एचआरवाल्यांनी बोलावून सांगितलं, "गावडे मॅडम, तुम्हाला अनोळखी माणसांशी बोलायची सवय आहे. पाहुण्यांचं तुम्ही बघा." मला एक लॅपटॉप, एक हेडफोन आणि जिन्याखालची पार्टिशनची खोली मिळाली. स्क्रीनवर माझं नाव 'अतिथी सहाय्य' असं दिसायचं. कित्येक पाहुण्यांना माझं खरं नाव कधी कळलंच नाही. ते मला अतिथी मॅडम म्हणायचे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाहुण्याला आपण लिंक पाठवतो. ती दाबली म्हणजे तो लगेच मीटिंगमध्ये येतो असं नाही. आधी त्याला बाहेर थांबावं लागतं. त्याच्या स्क्रीनवर 'जरा थांबा' अशा अर्थाचं काहीतरी दिसत राहतं. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. माझ्या स्क्रीनवर मात्र टुंग आवाज होऊन त्याचं नाव उमटतं. साहेबांनी सांगितलं की मी बटण दाबायचं आणि तो आत यायचा. दवाखान्यात कंपाउंडर असतो ना, नंबर आला की पेशंटला आत सोडणारा, तसंच.

पण त्याआधीचं काम जास्त असायचं. नवीन माणूस असला की मी आदल्या दिवशी फोन करून त्याच्याकडून सराव करून घ्यायचे. खिडकी समोर ठेवा, पाठीमागे नको. मोबाइल हातात धरू नका, एखाद्या डब्याला टेकवून ठेवा. दहा मिनिटं आधी या. आत आल्यावर कॅमेरा आणि माईक बंद ठेवा, तुमचं नाव घेतलं की मग चालू करा. आणि पहिलं वाक्य, "नमस्कार, माझा आवाज येतोय ना?" हे सगळं मी दिवसातून चार-पाच वेळा तरी म्हणायचे. घरी झोपेतसुद्धा म्हणते असं नवरा सांगतो, पण तो अतिशयोक्ती करतो.

मुलुंडचे एक जुने वकील कंपनीला सल्ला द्यायचे. फोन कानाला लावल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही. व्हिडिओ चालू असला तरी मोबाइल कानाला. त्यामुळे मीटिंगभर सगळ्या डायरेक्टरांना त्यांचा फक्त कान दिसायचा, तोही अगदी जवळून. मी दोन-तीन वेळा हळूच सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "बाई, उभ्या जन्मात लोकांनी मला माझं बोलणं ऐकायचे पैसे दिलेत. बघायचे कुणी दिले नाहीत." शेवटी मी त्यांचा कॅमेराच बंद ठेवायला सांगितला. तर पुढच्या मीटिंगला एक डायरेक्टर विचारत होते, आज कान कुठे गेला?

माहुलच्या कोळणींच्या एका गटाला कंपनी मासळी धुवायच्या जागेसाठी पंप देणार होती. त्यांच्या म्होरक्या हिराबाई बाजारातूनच मीटिंगला यायच्या. एकदा साहेबांचं आतलं बोलणं लांबलं आणि हिराबाई बाहेर ताटकळत राहिल्या. त्यांचा मला फोन. "बाय, मना आत घे ना लवकर. म्हावरा उन्हान परलाय." मी आत निरोप दिला, साहेब म्हणाले पाच मिनिटं. त्या पाचाची वीस झाली. मग आत घेतलं, तर स्क्रीनवर तराजू, बर्फ आणि एका गिऱ्हाइकाची पिशवी. हिराबाई तिकडे बघतच म्हणाल्या, "जरा थांबा हां साहेब, गिऱ्हाईक हाय." आणि आमचे तीन साहेब निमूट थांबले. सुरमई तोलून, कापून, पिशवीत जाईपर्यंत. माझा माईक बंद होता म्हणून बरं, नाहीतर माझं हसू सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

या ताटकळण्यामागे आमच्या कंपनीची एक पद्धत होती. पाहुण्यांबरोबरची मीटिंग तीनला असली की आमची माणसं पावणेतीनलाच आत येऊन बसायची. काय बोलायचं, काय नाही, समोरचा काय म्हणेल, आपण कुठवर ताणायचं, हे सगळं त्या वेळात ठरायचं. मी तिथे असायचेच, कारण दार माझ्या हातात. पण माझा कॅमेरा बंद, माईक बंद. कोपऱ्यातल्या काळ्या चौकोनात 'अतिथी सहाय्य' एवढं लिहिलेलं. पंख्याकडे जेवढं लक्ष द्यावं तेवढंच त्यांचं माझ्याकडे असायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही. बोर्डावर असताना आमच्या सीनियर ऑपरेटर बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की लाइन जोडली की कानातला हेडफोन काढायचा, आणि चुकून काही ऐकलंच तर ते आपण ऐकलं नाही असं धरून चालायचं. पंचवीस वर्षं मी ते पाळलं. फरक इतकाच की इथे हेडफोन काढून चालत नव्हतं. साहेब 'घ्या आत' म्हणाले की ते मला ऐकू यायला हवं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

अंकुश परब नावाचे एक गृहस्थ साकीनाक्याला एका गाळ्यात धातू कातायचं लेथ मशीन चालवायचे. गाळ्यात ते, त्यांची बायको सुमन आणि दोन कामगार. पंपाच्या दांड्याभोवती पितळी कडं बसतं, बुश म्हणतात त्याला. आमच्या कंपनीचे बुश वीस-बावीस वर्षं परबच बनवत होते. पूर्वी ते ऑफिसला यायचे. रिसेप्शनला रजिस्टरमध्ये सही करताना हाताला लागलेलं ऑइल कागदाला लागू नये म्हणून मनगट उचलून धरायचे, ते माझ्या लक्षात राहिलं होतं. नंतर सगळं ऑनलाइन झालं आणि ते माझ्याकडे आले. मी सावंतवाडीकडची हे कळल्यावर त्यांनी माझ्याशी शुद्ध मराठी बोलायचं सोडूनच दिलं.

माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते, तेव्हाची गोष्ट. कंपनीने परबांना सांगितलं की जुन्या लेथवरचं काम आता चालणार नाही, कॉम्प्युटरवर चालणारं नवीन मशीन घ्या, मग काम वाढवून देऊ. त्याबद्दल गुरुवारी मीटिंग ठरली. त्याआधी मंगळवारी राजकोटच्या एका पार्टीबरोबर मीटिंग होती. ती पार्टीही बुशच बनवायची. मीटिंग झाली, पाहुणे गेले. आमची माणसं मात्र तशीच बोलत बसली आणि मीटिंग बंद करायची म्हणून मीही होते. पर्चेसचे हेड सोनाळकर साहेब म्हणाले, "राजकोटचं फायनल धरा. त्यांना सेट व्हायला सहा महिने लागतील. तोवर परबला सोडायचं नाही."

प्लांटवरच्या कुणीतरी विचारलं, "पण त्याला आपण मशीन घ्यायला सांगतोय ना?"

"घेऊ दे की. हप्ते सुरू झाले की भावात पण खाली येईल. आपण लेखी थोडंच काही देतोय?"

सोनाळकर साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी स्वतःची गाडी पाठवली होती. त्या दिवशीही ते अगदी साध्या आवाजात बोलत होते, उद्या डबा काय आणायचा ते ठरवावं तसं. म्हणूनच मला ते ऐकून जास्त भीती वाटली असावी.

बुधवारी परबांचा सराव. त्यांना आता सरावाची गरज नव्हती, पण त्यांनी नवीन मोबाइल घेतला होता आणि त्यावर लिंक उघडत नव्हती. ते जमलं. खिडकी समोर आली, डबा आला, सगळं झालं. मग ते म्हणाले, "मॅडम, एक विचारू? तुमी कंपनीत इतकी वर्सां आसात. ह्या मशीनचा काय करू?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"मुलुंडचा घर बँकेत ठेवूक लागतला. त्याशिवाय कर्ज गावणा नाय. बायलेक अजून सांगूक नाय मी. साहेब म्हणतत काम वाढतला. तुमका काय वाटता?"

त्यांनी मोबाइल डब्याला टेकवलेला होता. चेहऱ्यावर छान उजेड होता. मागे सुमनवहिनी पाठमोऱ्या बसून बुश मोजत होत्या, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून परब हळू बोलत होते. मला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "मला त्यातलं काही कळत नाही हो परब. उद्या तीनला दहा मिनिटं कमी असताना या. आणि मोबाइल चार्ज करून ठेवा."

"होय, होय," ते म्हणाले. "तुमका कसा कळतला. मी उगीच विचारलंय."

त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःला बरंच काही समजावलं. हे माझं काम नाही. ऐकलेलं बाहेर सांगितलं तर नोकरी जाईल, आणि आठ महिने उरलेले असताना पंचवीस-तीस वर्षांचं नाव घालवायचं का? परब काही लहान नाहीत, विचार करूनच घेतील. शिवाय साहेबांचा बेत बदलेलही. आसल्फा स्टेशनला उतरून घरी पोचेपर्यंत माझं नक्की ठरलं होतं की आपण यात पडायचं नाही. मी जेवले आणि मला झोपही नीट लागली. हेही सांगायला हवं म्हणून सांगते.

गुरुवारी पावणेतीनला सोनाळकर साहेब आणि प्लांटवरचे दोघं आत आले. प्लांटचे तिसरे, कुलकर्णी, त्या दिवशी कुठल्यातरी हॉटेलात होते आणि स्वतःच्या मोबाइलवरून येत होते. असं बाहेरच्या मोबाइलवरून आलं की कंपनीच्या माणसालाही पाहुण्यासारखं बाहेरच थांबावं लागतं. तीनला दहा कमी असताना टुंग झालं. पाठोपाठ परत टुंग झालं. सोनाळकर साहेब स्क्रीनवर काहीतरी आकड्यांचा कागद लावत म्हणाले, "गावडे मॅडम, कुलकर्णी बाहेर अडकलेत बघा. घ्या त्यांना."

आता, बटणं दोन असतात. एक प्रत्येक नावापुढे. दुसरं सगळ्यात वर, बाहेर थांबलेल्या सगळ्यांना एकदम आत घेणारं. माझी सवय वरच्या बटणाची, कारण दिवसभरात जे बाहेर थांबलेले असत त्यांना एकत्रच आत घ्यायचं असे. मी वरचं दाबलं.

कुलकर्णी आत आले. आणि परबही आले.

स्क्रीनवर आकड्यांचा कागद लागलेला असला की माणसांचे चौकोन बारीक होऊन कडेला जातात, तेही चारच दिसतात. परबांचा चौकोन कुणालाच दिसला नाही. त्यांचा कॅमेरा बंद आणि माईकही बंद होता, मी शिकवल्याप्रमाणे. मला मात्र माझ्या यादीत त्यांचं नाव दिसत होतं. कुलकर्णींना मंगळवारचं काही माहीत नव्हतं, म्हणून सोनाळकर साहेबांनी त्यांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. राजकोट. सहा महिने. मशीन. हप्ते. "लेखी काही द्यायचं नाही" हे वाक्यही पुन्हा आलं.

परबांना परत बाहेर काढायला एक बटण पुरलं असतं. मी ते दाबलं नाही. का दाबलं नाही, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. बाहेर काढलं असतं तर परबांनी लगेच मला मोबाइलवर फोन केला असता, आत काय झालं म्हणून. नाहीतर पुढे मीटिंगमध्येच विचारलं असतं आणि साहेबांना कळलं असतं. माझी चूक उघडी पडली असती. माझं बोट त्या बटणावर होतं आणि मी घाबरून तशीच बसून राहिले. आठ-नऊ मिनिटं तरी गेली असतील.

मग सोनाळकर साहेब म्हणाले, "चला, तीन झाले. परब आले असतील तर घ्या त्यांना."

मी माईक चालू केला. "ते आत आहेत, सर."

"आत? कधीपासून?"

मी उत्तर द्यायच्या आधीच परबांचा कॅमेरा चालू झाला. खिडकी समोर, मोबाइल सरळ, चेहरा मधोमध. माझ्या चार वर्षांत इतकं नीट कुणीच बसलं नव्हतं, आणि त्या घटकेलाही माझ्या मनात ते येऊन गेलं याची मला लाज वाटते.

"नमस्कार साहेब," परब म्हणाले. "माझा आवाज येतोय ना?"

कुलकर्णींनी मान हलवली.

"मशीनचं काही जमणार नाही, साहेब. घरच्यांना विचारलं नव्हतं, आता विचारायची गरज नाही. जुन्या लेथवर होईल तेवढं काम सहा महिने करून देतो. चालेल?"

सोनाळकर साहेबांनी आकड्यांचा कागद स्क्रीनवरून काढला. "चालेल," ते म्हणाले. मीटिंग तिथेच संपली.

संध्याकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांत तुमची एक चूक नाही. आणि नेमकी आजच? मला फक्त एवढं सांगा, मुद्दाम केलंत का?"

"नाही सर. वरचं बटण दाबलं गेलं."

"लिहून द्या तसं."

मी लिहून दिलं, नजरचुकीने झालं म्हणून. त्यावर एक मेमो मिळाला, आणि ते वरचं बटण वापरायचं नाही असा नियम निघाला. सोनाळकर साहेबांना माझं म्हणणं पटलं नाही, हे उरलेले आठ महिने मला त्यांच्या 'गुड मॉर्निंग'मधून कळत राहिलं. अकाउंट्सच्या मुलींनाही पटलं नाही, पण त्यांची तऱ्हा उलटी. "मॅडम, काय जबरदस्त केलंत यार! मानलं तुम्हाला." मी म्हणायचे, "अगं, चूक झाली गं खरंच." त्या डोळे मिचकावायच्या. पहिले काही दिवस मी तावातावाने सांगत होते. मग कंटाळा आला. मग सांगायचं बंद केलं. आणि खरं सांगायचं तर ऐकायला बरंही वाटत होतं.

सहा महिन्यांनी परबांचं काम ठरल्याप्रमाणे बंद झालं. त्यांनी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांची छोटी-मोठी कामं धरली. एक कामगार कमी करावा लागला, पण घर जागच्या जागी राहिलं. मी निवृत्त झाल्यावर पहिल्या दिवाळीला ते सुमनवहिनींना घेऊन आसल्फ्याला आमच्याकडे आले, मालवणी खाजं घेऊन. नवऱ्यासमोर म्हणाले, "ह्या बायन माझा घर वाचवल्यान. कंपनीत इतकी माणसां, पण आपला असा एकच." नवरा माझ्याकडे कौतुकाने बघत होता. मी चहा ठेवायला आत गेले. पुढेही ते येत राहिले, मीही साकीनाक्याला जायचे. त्यांच्या गल्लीत शेजारचे गाळेवाले मला ओळखायला लागले. "तीच ना ही, कंपनीवाली ताई?"

गेल्या दसऱ्याला परबांचा फोन आला. त्यांनी साठवलेल्या पैशांतून एक जुनं पण चांगलं लेथ मशीन घेतलं होतं. साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये दसऱ्याला मशीन धुवून-पुसून त्याची पूजा करतात, झेंडूची माळ घालतात. नवीन मशीनवरचा नारळ मात्र ज्याच्यामुळे ते आलं त्या माणसाने फोडायचा, असा परबांचा नेम. "तुमीच फोडूचो," ते म्हणाले. "दुसरा कोण?"

मी गेले. नवी साडी नेसून गेले. मशीनला माळ घातलेली होती, शेजारचे गाळेवाले जमले होते. पूजा झाली, परबांनी नारळ माझ्या हातात दिला, आणि माझ्याने तो फोडवेना. मी म्हटलं, "परब, जरा इकडे या." पण गाळा तो केवढा! इकडे म्हणजे मशीनच्या पलीकडे, सगळ्यांना ऐकू येईल इतकंच लांब.

"मी तुम्हाला मुद्दाम आत घेतलं नव्हतं," मी म्हणाले. "कुलकर्णींना घेताना चूक झाली. कंपनीत लिहून दिलं तेच खरं आहे."

ते हसले. "असांदे गो. चुकान तर चुकान, वाचलंव ना?"

तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मी थांबले नाही. "मला मंगळवारीच सगळं माहीत होतं," मी म्हणाले.

परबांचं हसू जायला थोडा वेळ लागला. "बुधवारी मी तुमका विचारलंय," ते म्हणाले.

"हो."

"तेव्हा म्हायत होता?"

"हो. नोकरी जाईल म्हणून घाबरले. चूक झाली नसती तर मी काही सांगितलं नसतं, परब. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही."

सुमनवहिनी हातात आरतीचं तबक घेऊन उभ्या होत्या. घर बँकेत ठेवायचा विचार होता हे परबांनी त्यांना पुढे सांगितलं होतं, पण बुधवारी माझं मत विचारलं होतं, हे सांगितलं नसावं. त्या आधी परबांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. परब खाली बघून मशीनवर पडलेली झेंडूची पाकळी उचलत होते. मग त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला, हिसकावून नाही, अगदी सावकाश, आणि वहिनींकडे दिला.

"तू फोड गो," ते म्हणाले.

वहिनींनी तबक खाली ठेवून नारळ फोडला. एका फटक्यात फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. सांगून टाकल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. मग वहिनी प्रसाद वाटत आल्या, आधी शेजारचे गाळेवाले, मग कामगार, त्याच्यामागे उभी मी. खोबऱ्याचा तुकडा आणि चिमूटभर साखर, सगळ्यांना तेवढीच.